मागून चालणारी

"बाई, हा बायबलचा कोश आमच्यासारख्या साध्यासुध्या माणसांना कळंल का?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शेवंतानं एका दमात विचारून टाकलं. नामांतराच्या मोर्च्यामुळं शाळा लवकर सुटली होती, अन् मिशनच्या वाचनालयात पोरींचं नुसतं खिदळणं चाललं होतं.

वाचनालय सांभाळणाऱ्या साळवेबाईंनी तो जाडजूड ग्रंथ तिच्याच हातात ठेवला. "नमुन्याला आलाय. वाचनालयासाठी घ्यायचा की परत पाठवायचा, ते ठरवायचंय. तूच वाचून सांग."

पारखायचं तर आपल्याला ठाऊक असलेलंच पान बघावं, म्हणून मुकुंदवाडीच्या घरी शेवंतानं 'मेंढपाळ' काढलं. कंपनीत लागण्याआधी तिचा बाप केरबा मेंढरंच राखायचा. मैत्रिणींना तिनं हे कधी कळू दिलं नव्हतं.

"मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो," तिनं वाचलं.

"खरं हाय," केरबा म्हणाला.

"तो कळपाच्या पुढं चालतो."

"बराबर! लिव्हणारा लई जाणता दिसतो."

"व्हय का?" स्टोव्हला पंप मारता मारता शेवंताची आई बानाबाई कडाडली. "आन् मागून लंगडं मेंढरू, गाभण मेंढी, बिऱ्हाडाचं घोडं कोण हाकत आणतं? ते लिव्हलंय का?"

शेवंतानं पान उलटून पालटून पाहिलं. लिहिलं नव्हतं.

"आई, आबा, माझं ठरलं!" ती उभीच राहिली. "उद्या बाईंना सांगणार, कोश घ्या, पण त्यात कळपामागून चालणारी एक बाई राहिलीय. त्या विचारतील, तुला गं कसं ठाऊक? तर समद्या पोरींदेखत सांगणार, ती माझी आई हाय."