खुर्चीखालची ओल

बँड चालवणाऱ्या जॅनिसनं हातातली छडी खाली ठेवली, तशी बँडच्या खोलीत सगळ्यांनी आपापली पितळी वाद्यं तिरकी केली, खालची बारकी कळ दाबली आणि फुंकून आतलं पाणी फरशीवर काढलं. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या थंडीत नळीत साचलेला श्वासच तो. बाहेरची माणसं त्याला थुंकी म्हणतात. म्हणू देत, त्यांना कोण बोलावतंय?

शेवटच्या रांगेत म्हाताऱ्या हेडलीनंही आपलं कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, तिरकं केलं, कळ दाबली, गाल फुगवून फुंकलं. एक थेंब पडला नाही. पडणार कुठून? उन्हाळ्यात कवळी बसली, तेव्हापासून त्याच्या ओठांतून निघायचं ते अडलेल्या गाईचं हंबरणं. म्हणून तो नुसती बोटं चालवायचा. बोटं मात्र चोख. लहानपणी वडिलांचा हात धरून या खोलीत आला होता तो. पुढं गिरणीतून निवृत्त झाला, तरी मंगळवारची तालीम सुटली नाही. कवळीचं सांगितलं असतं, तर खुर्ची गेली असती. मग मंगळवारी काय, भिंतीकडे बघत बसायचं?

"चहाआधी शेवटची ओळ एकदा," जॅनिस म्हणाली. "फक्त मर्टल आणि हेडलीकाका."

हेडलीनं कॉर्नेट ओठांना लावलं. जॅनिसला कॉर्नेट धरायला त्यानंच शिकवलं होतं. 'चुकायचं तर मोठ्यानं चुका, पण खोटं वाजवू नका,' हे प्रत्येक पोराला तो सांगत आला होता.

शेजारच्या मर्टलनं छाती भरून वाजवलं. हेडलीची बोटं तिच्याबरोबर हलली. ओळ संपली.

"छान. दोघांचा सूर अगदी एक झालाय, काका." जॅनिस त्याच्याकडे न बघता पानं चाळत राहिली. मागं ढोलवाला उगाच खोकला.

हेडलीचे कान तापले. कुणाकडे बघवेना, म्हणून त्यानं खाली बघितलं. मर्टल वाकली होती. तिनं आपलं कॉर्नेट त्याच्या खुर्चीखाली नेलं, कळ दाबली आणि फुंकलं.

"हे काय करतेस?"

"गप रे," ती पुटपुटली. "सगळ्यांखाली ओलं आणि तुझ्याखाली खडखडीत. लोक काय आंधळे आहेत?"

"कधीपासून?"

"कवळी बसल्यापासून. चल, आल्याचा केक संपेल."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"केक संपेल म्हटलं ना!"

हेडलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आपण यांना फसवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ही माणसं त्याला लहान पोरासारखं सांभाळून घेत होती. जॅनिससुद्धा.

त्यानं कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं. खिशातून रुमाल काढला आणि कण्हत गुडघ्यांवर बसला. चहाच्या रांगेतली बडबड थांबली.

"अरे, राहू दे की!" मर्टल म्हणाली.

त्यानं ती ओल शेवटच्या थेंबापर्यंत पुसली. मग ती कोरडी फरशी सगळ्यांना नीट दिसावी म्हणून खुर्ची बाजूला सरकवली.