घंटीची लकाकी

मालकांनी घंटी खिडकीशी धरली आणि तिच्यात आपली मिशी न्याहाळली. पांढरा केस न् केस दिसत होता. सायकलची साधी घंटी, नुकतीच त्यांच्या कारखान्यातल्या निकेलच्या लहान टाकीतून निघालेली.

"बघ सूनबाई, याला म्हणतात मुलामा! याला हातात गुण लागतो. तुझ्या चूर्णाचं काम नव्हे हे!"

चूर्ण म्हणजे सुनेनं प्रयोगशाळेतून आणलेली काळी पूड. पॉलिमरचे कण, चिमटीत कोट्यवधी मावतील इतके बारीक. ते पाण्यातलं निकेल धरून ठेवतात, आणि पोटात लोहकण असल्यानं चुंबकाकडे धावतात. हे तिनं सासऱ्यांना कितीदा तरी समजावलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

सून नुसती हसली. घंटी घेऊन तिनं ॲप्रनच्या खिशात टाकली.

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. कारखान्याच्या धुवणाच्या पाण्यातलं निकेल मुरत मुरत गल्लीच्या विहिरीत उतरलं होतं. आज पाणी नापास झालं तर दाराला सील. ते बघायला अख्खी गल्ली दाराशी दाटली होती. मालकांच्या वडिलांनी उभा केलेला कारखाना होता तो. पण मिशी खाली येईल तर शपथ!

"या मॅडम, या! आमच्याकडं लपवाछपवी नाही."

सुनेनं धुवणाचं हिरवट पाणी काचेच्या भांड्यात घेतलं. बाईंनी आधी त्यातलं थोडं वेगळं काढून स्वतःच्या बाटलीतले थेंब टाकले. पाणी लालभडक झालं. निकेल होतं, आणि चांगलं भरपूर होतं. मग सुनेनं भांड्यात पूड टाकली, ढवळली, जरा वेळ थांबून बाहेरून चुंबक लावलं. सगळा काळा रंग सरकत सरकत एका कडेला जाऊन चिकटला. उरलेल्या पाण्यात बाईंनी पुन्हा थेंब टाकले. या वेळी लाल काही झालं नाही.

"बघितलंत?" मालकांनी मिशीला पीळ भरला. "आमच्या सुनेचं काम आहे!"

चूर्ण म्हणून हिणवत होते ते हेच, याची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

बाई मात्र विरघळल्या नाहीत. "पाणी पास. पण निकेल हवेत उडालं का? ते त्या काळ्या गाळात बसलंय. आणि गाळ उद्या तुम्ही मागच्या नाल्यात ओतणार. मग विहिरीनं काय कमावलं?"

दाराशी कुजबुज झाली. "बरोबर बोलतायत बाई," कुणीतरी म्हणालं.

इतका पुढचा विचार मालकांनी कधी केलाच नव्हता. बाईंच्या पिशवीतून सीलची लाख डोकावत होती. मालकांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती.

"गाळ आम्ही टाकत नाही, मॅडम. आम्लात धुतला की तो निकेल सोडून देतो. पूड पुन्हा कामाला मोकळी."

"आणि ते सुटलेलं निकेल? ते कुठं जातं?"

सुनेनं खिशात हात घातला आणि घंटी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, आज सकाळी लहान टाकीत मी नवं निकेल घातलंच नव्हतं. नाल्याला निघालेलं, पुडीनं धरलेलं होतं, तेवढंच."

मालकांचा हात मिशीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

बाईंनी घंटी उलटी केली, सुलटी केली, नखानं खरवडून पाहिली. लकाकी जाईना. मग त्यांनी अंगठ्यानं तिची कळ दाबली.

ट्रिंग!

दाराशी दाटलेली गल्ली सवयीनं दोन्ही बाजूंना सरली, आणि वाट मोकळी झाली.