आडाचा तळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि माधवला तिथं कारकुनी मिळाली. दुष्काळात गावचा आड आटला, तेव्हा त्यानं मायला, सरजाबाईला, आपल्या भाड्याच्या खोलीवर आणलं.

"आडाचा पार तळ उघडा पडला रं," ती हसत सांगू लागली. "धम्म घेतला तव्हा तुझ्या बापानं बुडवलेले देवघरातले देवाचे टाक गाळात दिसून राहिले. म्या वळून बी बघितलं न्हाई."

संध्याकाळी मेणबत्ती हातात घेऊन ती चारी भिंतींकडं बघत राहिली. "बुद्ध कुठं हाय?"

माधवनं दाराला कडी घातली आणि कपाट उघडलं. टांगलेल्या शर्टांमागं तसबीर होती.

"हितंच वंदना कर, माय. मेणबत्ती लावू नको, कपडे पेटतील. आन मोठ्यानं म्हणू नको. आपण कोण हे मालकीणबाईला कळलं तर खोली जाईल, बोअरचं पाणी बी जाईल."

सरजाबाईनं शर्ट बाजूला सारले, कपाटात डोकं घातलं आणि ओठांतल्या ओठांत वंदना म्हटली.

खालून मालकीणबाईंची हाक आली. "माधवराव, पाणी सोडलंय, घागरी आणा. आन आता आई आल्यात, तर देवघर मांडून घ्या. बिनदेवाचं घर बरं न्हाई दिसत."

"हाव, मांडतो की!" माधवनं वरूनच सांगितलं. त्यानं घागर उचलली, पण दाराची कडी काढता काढता थांबला. मायकडं न बघता त्यानं हळूच विचारलं,

"ते टाक अजून गाळातच हायेत ना?"