गाव स्वतंत्र केव्हा झालं?

घटक चाचणीत प्रश्न होता, 'आपलं गाव स्वतंत्र केव्हा झालं?' देवणीजवळच्या एका शाळेत आठवीतल्या सृष्टीनं '१७ सप्टेंबर १९४८' लिहिलं. इतिहासाच्या सरांनी शून्य गुण दिले आणि भर वर्गात तिला उभं करून विचारलं, "पंधरा ऑगस्ट मान्य नाही का तुला? कोणत्या देशाची तू?"

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, गुरुबसप्पा, शाळेत आले.

"सर, त्या पंधरा ऑगस्टला इथं निजामाचंच राज्य होतं. चावडीवर तिरंगा लावला म्हणून माझ्या बापाला गोळी घातली. मी तवा आईच्या पोटात होतो."

"इथं देशाचा इतिहास शिकवतात, आजोबा, घरातल्या गोष्टी नाही," सर वहीतून मान वर न करता म्हणाले. "खरंच असं कुणी मेलं असतं, तर त्याचं नाव कुठंतरी लागलं असतं."

आजोबा वाद घालत बसले नाहीत. सरांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना फाटकाबाहेर आणलं आणि वरच्या पाटीकडं बोट केलं.



"हुतात्मा शिवलिंगप्पा विद्यालय. त्यो शिवलिंगप्पा माझा बाप हाय."