सापडलं, सर

"लागा शोधायला," गोपाळकृष्ण सर म्हणाले आणि ग्लायडरकडे पाठ करून उभे राहिले.

मैत्रीनं बाह्या वर सारल्या.

हडपसरच्या पुढं माळावर बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्या त्या क्लबात सरांचा एक शिरस्ता होता. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडणार असेल, त्या दिवशी ते स्वतःच्या हातानं ग्लायडरमध्ये एक बिघाड करून ठेवत. विद्यार्थ्यानं तो शोधायचा, दुरुस्त करायचा आणि फक्त "सापडलं" म्हणायचं. काय सापडलं ते बोलायचं नाही, नाहीतर बाकीच्यांना उत्तर फुटतं. सरही विचारत नसत. विचारणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास ते फक्त वाऱ्यावर आणि जावयावर दाखवत.

मैत्री यात दोनदा नापास झाली होती. आज खराडीच्या ऑफिसातून रजा काढून ती तिसऱ्यांदा आली होती, आणि या वेळी तिची आई आम्रपालीताई कुंपणापाशी मोबाइल सरसावून उभी होती. आईसमोर हात हलवत परत जायचं नाही, एवढंच पोरीनं ठरवलं होतं.

"दांडा हातात मोकळा फिरला म्हणजे मागं शेपटी हलली असं समजू नका," सर पाठमोरेच म्हणाले. "जाऊन बघायचं. नाक वर-खाली शेपटीमुळं होतं, तुमच्या डिगरीमुळं नाही."

"हो सर."

ती आधी पुढच्या बाजूनं आत वाकली. पायाजवळच्या पेडलखाली हात घातला आणि तिचा चेहरा उजळला. हाताला लागलं ते तिनं रुमालात गुंडाळलं आणि पंख धरायला आलेल्या बद्रीनाथरावांना दिलं. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यावर उडायला शिकले होते आणि सकाळीच याच ग्लायडरमधून एक फेरी मारून आले होते.

"काका, मी उडाले की सरांना द्या. आत्ता नको."

"समजलं. पेपर फुटता कामा नये." बद्रीनाथरावांनी न बघताच रुमाल खिशात टाकला.

उरलेली तपासणी मैत्रीनं भराभर उरकली. पंख थोपटले, शेपटीवरून लांबूनच नजर टाकली आणि आत जाऊन बसली.

"सापडलं, सर!"

सर वळले. या पोरीचं त्यांना मनापासून कौतुक होतं आणि आज त्यांनी ते लपवलंही नाही.

"शाब्बास. आता उडण्याआधीची तपासणी बोला."

"पट्टे घट्ट. झाकण बंद. दांडा मोकळा, अगदी लोण्यासारखा."

सरांनी अंगठा वर केला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ग्लायडर तारेनं ओढणारी विंच गुरगुरली, तार ताणली गेली. बद्रीनाथराव पंख धरून थोडं धावले आणि ग्लायडरनं जमीन सोडली. कुंपणापाशी आम्रपालीताई ओरडल्या, "गेली! माझी मैत्री गेली बघा वर!"

बद्रीनाथराव धापा टाकत सरांजवळ आले.

"हे घ्या तुमचं उत्तर." त्यांनी रुमाल उलगडला आणि ओशाळून हसले. "अहो, ही तर माझी चष्म्याची डबी. सकाळी आतच पडली वाटतं. तुम्ही हीच लपवलीत होय?"

सर डबीकडे बघतच राहिले.

"मी नाही," ते म्हणाले. "मी शेपटीचा जोड सोडून ठेवलाय."