दोन आवाजांचा प्रवेश

पडद्यामागचा दिवा पेटला आणि सुंकम्मानं सावल्यांच्या खेळातली कातड्याची सीता हातात घेतली. शेजारी तिचा नवरा ओबुलेसु राम घेऊन उभा होता. संक्रांतीनंतर आज पहिल्यांदा हैदराबादहून आला होता, तोही एका दिवसापुरता. तिकडे परभाषेतल्या मालिकांच्या नायकाला तो तेलुगू आवाज देतो. गावात आता त्याचं कोण कौतुक! देवळापुढची पोरंसुद्धा त्याला अडवून संवाद म्हणायला लावतात.

सुंकम्मा मात्र सकाळपासून धास्तावली होती. तिकडे खोली बघितलीय, असं तो म्हणाला होता. एकट्यापुरती की दोघांची, ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि विचारायची तिची छाती झाली नव्हती. आजचा खेळ नेहमीसारखा झाला तर माणूस अजून आपला आहे, अशी खूण तिनं मनाशी धरली होती.

वनवासाचा प्रवेश लागला. राम तीनदा नको म्हणतो, सीता तीनदा येते म्हणते, मग राम हरतो. लग्नापासून दोघं हा प्रवेश करत आलेले. तो ओळ संपवून श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात ती आपली ओळ उचलायची.

"सीते, तू इथंच राहा," ओबुलेसु म्हणाला. आवाज काय लागला होता! सुंकम्मानं तोंड उघडलं, तोवर त्यानं दुसरा नकार सुरू केला. त्याला लागूनच तिसरा. एक शब्द चुकला नाही. शेवटी राम म्हणाला, "एवढा हट्ट करतेस, तर चल." सीतेनं अजून हूं की चूं केलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?" राम पडद्याला लावून धरत तो कुजबुजला.

"तू थांबलास कुठं, बावा?" आत्याचा मुलगा, म्हणून लग्नानंतरही ती त्याला बावाच म्हणे.

तो ओशाळून हसला. "सवय गेली गं. तिकडं ज्यानं त्यानं आपलं म्हणायचं. समोरच्याचं नंतर जोडतात."

"आणि समोरचीला यायला जमलं नाही तर?"

"मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लावतात," तो सहज म्हणाला आणि पुढची ओळ म्हणू लागला.

सुंकम्माचा हात थरथरायला लागला. पडद्यावरची पुरुषभर उंचीची सीता पायापासून डोक्यापर्यंत थरथरली. पलीकडे पुढंच बसलेली एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बघा, वनवासाला कशी भ्याली पोर."