फुकटची जागा

वेंडेलनं खिडकीतून हात बाहेर काढला, यंत्रासमोर काहीतरी धरलं, आणि पार्किंगचा आडवा दांडा वर गेला. तिकीट आलं नाही. अठरा डॉलरचा आकडा उमटला नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं आली : पुन्हा स्वागत, वेंडेल.

शेजारी बसलेल्या ओपलच्या मांडीवर घरून आणलेल्या सँडविचचा डबा होता. तिची नजर नवऱ्याच्या हातातल्या कार्डावर होती. कार्ड काळं होतं.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. वेंडेलनं गाडी आत घेतली.

खरं तर ओपल या दांड्यापर्यंत कधी आलीच नव्हती. दर गुरुवारी वेंडेल तिला या कॅसिनोच्या हॉटेलसमोर, कारंज्याच्या कठड्यापाशी उतरवायचा. तुझे गुडघे दुखतात, कशाला एवढं चालतेस, म्हणायचा, आणि एकटा गाडी लावायला जायचा. आज मोटारींच्या शर्यतीसाठी रस्त्याच्या कडेनं लोखंडी जाळ्या ठोकलेल्या. तिथं गाडी थांबवायला बंदी. वेंडेल म्हणाला होता, आज राहू दे. तीच ऐकेना. लास वेगसमधला त्यांचा हा शेवटचा गुरुवार. राहतं घर विकून झालं होतं, सामान खोक्यांत गेलं होतं, आणि सोमवारी टूसॉनला, मुलीच्या गल्लीतल्या छोट्या घराचे पैसे भरून किल्ली घ्यायची होती. बँकेचं सगळं वेंडेल बघायचा. चिकट माणसाच्या हातात पैसा सुखरूप असतो, असं ओपलचं मत.

आणि चिकटपणात वेंडेलचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. चाळीस वर्षं त्यानं लोकांचे एसी दुरुस्त केले आणि संध्याकाळी बायकोला घेऊन फुकटचं तेवढं बघितलं. नाचतं पाणी फुकट. जुन्या बाजाराच्या छपरावरचा दिव्यांचा खेळ फुकट. हॉटेलातली काचेची फुलं फुकट. बाहेरगावचा पाहुणा भेटला की ऐकवायचा : लोक हरतात, त्यांच्या पैशानं पाणी उडतं, आणि बघायला आम्ही. या गावाला माझ्याकडून एक दमडी मिळालेली नाही. शेजारणी ओपलला विचारायच्या, तुझ्या लग्नातला केक तरी विकतचा होता का गं? ओपल सांगायची, विकतचाच होता, पण आदल्या दिवशीचा.

ती स्वतः बावीस वर्षं कॅसिनोत, ब्लॅकजॅकच्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटून निवृत्त झालेली. कॅसिनो खेळणाऱ्यांना देतं त्या कार्डांचे रंग तिला कुणी शिकवायला नको होते. पांढरं कुणालाही मिळतं, नाव सांगितलं की झालं. त्यावर गाडी लावायचे अठरा डॉलर पडतातच. काळं मागून मिळत नाही. ते खेळून मिळवावं लागतं. सरळ बोलायचं तर, हरून. टेबलाशी काळं कार्ड आलं की सुपरवायझर स्वतः खुर्ची ओढून द्यायचा. डेन्व्हरच्या एका दंतवैद्याला तिनं तीन वर्षं तशी खुर्ची मिळताना पाहिली. चौथ्या वर्षी त्याचा दवाखाना गेला. मग खुर्चीही गेली.

वेंडेलनं न बघता दोन वळणं घेतली आणि लिफ्टला लागून असलेल्या रांगेत गाडी उभी केली. वर पाटी होती, काळ्या कार्डवाल्यांसाठी राखीव. रांगेत आणखी सात जागा मोकळ्या होत्या. ओपलनं त्या मोजल्या.

गाडी लावून कठड्यापाशी यायला त्याला पाऊण तास लागायचा. जागाच मिळत नाही गं, म्हणायचा. कधी दीड तास. ती एकटीच तीन-तीन वेळा पाणी नाचताना बघायची आणि त्याची कीव करायची. मग दर मंगळवारी बोलिंगला म्हणून जायचा, ते कुठलं? शनिवारी कुठल्या मित्राचा एसी बिघडायचा, तोही दर शनिवारी?

तिचे हात आपोआप उठले. एक टाळी वाजली आणि तळहात छताकडे उघडले. टेबल सोडताना पत्ते वाटणारीला हे करावं लागतं. वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं, हातात काही नाही. नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, तरी हात विसरले नव्हते.

वेंडेलनं ते पाहिलं. कार्ड लपवायचं त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, नुसती गाडी उभी करायचे अठरा डॉलर मागतात, कशाला द्यायचे उगाच?

अठरा डॉलर. आज तेवढे भरले असते, साधं तिकीट घेतलं असतं, तर ओपलला काही कळलं नसतं. टेबलावर किती घातले ते देव जाणे, पण पार्किंगला अठरा द्यायला त्याचा हात धजला नव्हता.

"वेंडेल," ती म्हणाली, "सोमवारचे पैसे आहेत ना?"

त्यानं इंजिन बंद केलं. भिंतीपलीकडून गाणं सुरू झाल्याचा आवाज आला, मग पाण्याचा धडाका, मग माणसांच्या टाळ्या. तो समोरच्या सिमेंटच्या खांबाकडे बघत राहिला. काहीतरी हिशेब जुळल्यासारखा त्याचा चेहरा जरा उजळला.

"या कार्डावर खोली फुकट देतात ते," तो म्हणाला. "आठवड्याला दोन रात्री. मागितली तर कारंज्याच्या बाजूची."